सड्यावर जाणाऱ्या बायकांसाठी : प्रस्तावना

वेंगुर्ले तालुक्यात सपाट जमीन फार थोडी. समुद्राकाठी पुळण, तिच्या मागे माडांची आणि भाताच्या कुणग्यांची चिंचोळी पट्टी, आणि ती संपते न संपते तोच घाटी सुरू. घाटी चढून गेलं की जांभ्या दगडाचा सडा. सडा ओलांडला की पुन्हा उतार, खाली व्हाळ, व्हाळावर साकव आणि पलीकडे दुसरी वाडी. मोचेमाड-आरवलीकडे जा, वायंगणी-खानोलीकडे जा किंवा आत तुळस-होडावड्याला जा, हाच क्रम थोड्याफार फरकाने भेटतो. माउंटन सायकल चालवणारे लोक जी जमीन शोधत लांबलांब हिंडतात, ती इथे घरामागच्या परड्यापासून सुरू होते. तरीही या वाटांवर सायकल घेऊन निघालेली बाई क्वचितच दिसते. शाळेत असेपर्यंत मुलगी सायकलवर असते. पुढे कॉलेजसाठी एसटी येते, नोकरी किंवा लग्नानंतर स्कूटर येते, आणि सायकल पडवीच्या कोपऱ्यात गंजत राहते.

ज्यांना ती सायकल पुन्हा बाहेर काढायची आहे, आणि डांबरी रस्ता सोडून सड्यावर, पाणंदीत, काजूच्या बागांकडेने न्यायची आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. बायकांच्या गटात सामील कसं व्हायचं, जवळपास गट नसेल तर चौघीजणींनी तो कसा उभा करायचा, कोणती सायकल घ्यायची, काय शिकायचं, कुठे थांबायचं आणि काही घडलंच तर काय करायचं, हे पुढच्या प्रकरणांत आहे. त्या सगळ्यामागचा विचार मला इथे मांडायचा आहे, कारण विचार पटला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आपल्याकडे बाईच्या सुरक्षिततेचा विषय निघतो तो बहुतेक वेळा तिला थांबवण्यासाठी. वाट निर्जन आहे, काळोख पडेल, पडशील, लागेल. तेव्हा जाऊच नकोस. या पुस्तिकेचा हेतू नेमका उलट आहे. जायचं आहे हे आधी ठरलं. ते नीट जमावं म्हणून जे शिकायचं, ते इथे आहे. पोहायला शिकवताना आपण मुलीला पाण्याची भीती घालत नाही, श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा ते शिकवतो. सड्यावरचा उतारही तसाच शिकता येतो, आणि तो शिकायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे बरोबरीच्या बायकांचा गट.

माउंटन सायकलिंग हा खेळ तसा तरुण आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या तामालपाइस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या जड सायकली घेऊन मातीच्या रस्त्यांवरून उतरू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे उताराची पहिली शर्यत झाली. या मंडळींत वेंडी क्रॅग नावाची एक तरुणी होती. ती त्यांच्याबरोबर सायकल चालवायची आणि फोटोही काढायची. त्या काळाचं जे चित्र आज आपल्यासमोर आहे, त्याचा मोठा भाग तिच्या कॅमेऱ्यातून आलेला आहे. पुढच्या दशकात जॅकी फेलन या अमेरिकी विजेत्या सायकलपटूने बायकांसाठी ‘विमेन्स माउंटन बाइक अँड टी सोसायटी’ काढली. नावातच चहा होता. उतार शिकवायचा तर आधी स्पर्धेचं दडपण काढून टाकलं पाहिजे, हे तिला स्वतः शर्यती जिंकल्यामुळे चांगलं माहीत होतं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत १८९६ सालीच झाली होती. बायकांना त्यासाठी १९८४ पर्यंत थांबावं लागलं. माउंटन सायकलिंग मात्र १९९६ साली अटलांटात आलं ते पुरुष आणि बायका दोघांसाठी एकदमच. या खेळात बाई पाहुणी म्हणून आलेली नाही, पहिल्यापासून घरचीच आहे.

आपल्या देशातली दोन उदाहरणं मला फार मोलाची वाटतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ झाली. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, परिचारिका, शिक्षिका अशा हजारो बायका सायकलवर बसल्या. बाजार, पाणी, दवाखाना यांसाठी कुणाची वाट पाहणं थांबलं. त्यांना शिकवलं ते बहुतांशी दुसऱ्या बायकांनीच. दुसरं उदाहरण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं. २०१८ साली, अवघ्या विसाव्या वर्षी तिने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवर पूर्ण केली. वाटेत तिला लुटलंही गेलं, आणि तरी ती पुढे गेली. या दोन गोष्टींमध्ये अंतर खूप आहे. एक भाजीची पिशवी घेऊन चार किलोमीटर जाणाऱ्या बाईची, दुसरी जगाला वळसा घालणाऱ्या मुलीची. वेंगुर्ल्याच्या बायकांचा गट या दोन्ही टोकांना सामावून घेणारा असावा असं मला वाटतं.

आणि उदाहरणासाठी फार लांब जायचीही गरज नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. वल्हं त्यांच्याच हातात, माहितीही त्याच सांगतात. ओहोटी केव्हा लागते, कोणत्या झाडाची मुळं वर येऊन श्वास घेतात, कुठे होडी अडकेल, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. रोजच्या जगण्यातलं ज्ञान हे कौशल्य असतं आणि ते बाईने स्वतःच्या नावावर मिरवायचं असतं, हे त्यांनी आपल्याला दाखवलं. सड्याच्या बाबतीतही आपण कोऱ्या नाही. डोक्यावर गवताचा भारा घेऊन घाटी उतरणाऱ्या आपल्या आज्यांना पाय कुठे टाकायचा, निसरडं कुठे असतं, कुठे आडवं उतरायचं हे सगळं ठाऊक होतं. सायकलच्या चाकाला तेच ज्ञान लागतं.

गटात सामील होताना पहिला प्रश्न कोणता विचारावा? सायकल कोणत्या कंपनीची आहे, हा तर मुळीच विचारू नका. विचारा की, मागे राहिलेल्या बाईचं काय करता? चांगल्या गटात एक पुढे असते आणि एक शेवटी. पुढची वाट ओळखते. शेवटची कधीही कुणाच्या पुढे जात नाही. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक बेड्याशी सगळ्या थांबतात, मोजणी होते आणि मगच पुढे निघतात. ‘मागची इली काय?’ हा प्रश्न ज्या गटात न चुकता विचारला जातो, त्या गटात निर्धास्तपणे जावं. आणखी एक बारकावा बघा. मागची धापा टाकत पोचते आणि त्याच क्षणी विश्रांती घेतलेल्या पुढच्या निघतात, असं जिथे घडतं तिथे दमलेलीला विश्रांती कधी मिळतच नाही. ती दमलेल्या हातांनी उतारावर ब्रेक दाबते आणि पडते. गटाचा वेग सगळ्यात हळू चालवणारीने ठरवायचा, हा उपकार नसून अपघात टाळण्याचा उपाय आहे.

बाकीचे प्रश्न सोपे आहेत. हेल्मेटशिवाय येऊ देता का? (नाही, हेच उत्तर हवं.) प्रथमोपचार कुणाला येतो? वाट आधी कुणी पाहून आलंय का? नवीन बाईला पहिल्या दिवशी कुठे नेता? फोटो काढण्यापूर्वी आणि लोकांत पाठवण्यापूर्वी विचारता का? अठरा वर्षांखालच्या मुलींच्या घरच्यांशी कोण बोलतं? ही उत्तरं मोकळेपणाने मिळाली तर गट चांगला. तुम्हीच गट काढत असाल, तर पहिल्या बैठकीत ही उत्तरं एका कागदावर लिहून सगळ्यांनी मान्य करा.

सायकलीवर एक अख्खं प्रकरण आहे, म्हणून इथे मुद्द्यापुरतंच. दुकानात मिळेल त्या मापाची सायकल बाईने चालवून घ्यायची, ही सवय सोडा. सायकल दोन्ही पायांत घेऊन उभं राहिल्यावर दांडा आणि शरीर यांत मोकळी जागा राहिली पाहिजे. हँडल गाठण्यासाठी खांदे ताणावे लागत असतील तर ती सायकल मोठी आहे. सीट टोचत असेल तर दोष शरीराचा नसतो. बसण्याची हाडं बायकांमध्ये सहसा जास्त रुंदीवर असतात, आणि त्या मापाच्या सीट मिळतात. जांभ्यावर टायर फार कडक ठेवू नये. हवा थोडी कमी असली की रबर दगडाला धरून राहतं, पण इतकीही कमी नको की चाकाची रिम दगडावर आपटेल. ओढणी घरी ठेवा. चाकात किंवा साखळीत अडकलेली ओढणी गळ्याशी काय करते, हे सांगायला नको. सलवारीचा उजवा पायचा पट्टीने बांधा, मंगळसूत्र कपड्यांच्या आत घ्या, काचेच्या बांगड्या त्या दिवसापुरत्या काढून ठेवा. पाळी चालू असताना यायचं की नाही हे जिचं तिने ठरवावं. गटाच्या पिशवीत पॅड मात्र नेहमी असावं.

कौशल्याचं पहिलं पाऊल म्हणजे थांबता येणं. शाळेच्या किंवा देवळाच्या मोकळ्या पटांगणात, नंतर हलक्या उतारावर. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते आधी पाहून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना तो उजव्या हाताला असतो, पण सगळ्यांना नाही. सायकल थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, म्हणून त्याला घाबरून फक्त मागचा दाबत राहू नये, आणि तो झटक्याने आवळूही नये. दोन्ही ब्रेक बेताबेताने, वळणाच्या आधी दाबायचे. उतारावर सीटवरून थोडं उठायचं, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायची, गुडघे आणि कोपर सैल सोडायचे, वजन किंचित मागे न्यायचं. नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे जायचंय तिथे ठेवायची; दगडाकडे बघत राहिलं की चाक त्याच दगडावर जातं. आणि जिथे मन कचरतं तिथे उतरून सायकल हाताने न्यायची. उतरणाऱ्या बाईला कुणी हसलं, तर गटप्रमुखाने त्याच क्षणी हसणारीला थांबवावं. नाहीतर पुढच्या वेळी ती बाई लाजेने उतरणार नाही, आणि पडेल.

आता जमिनीविषयी. सड्यावरचा सगळ्यात मोठा धोका चिरेखाण. जांभा कापून काढल्यावर उभ्या कडांचे खोल खड्डे मागे राहतात. अनेक ठिकाणी त्यांना कठडा नसतो, पावसात ते पाण्याने भरतात, आणि पावसाळा सरता सरता वाढलेल्या गवतात त्यांची कड दिसत नाही. म्हणून न पाहिलेल्या सड्यावर गवतातून सायकल घालायची नाही, मळलेली वाट सोडायची नाही. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि त्यावर कोणताही टायर टिकत नाही. जून ते सप्टेंबर सड्याचे उतार टाळून गावातल्या रस्त्यांवर सराव करावा. भाताच्या पाण्यातून आणि चिखलातून जाताना पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका असतो. जखम झाका, आणि नंतर ताप आला तर चिखलातून गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा शिकायला उत्तम काळ. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत घरी परतावं. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा शहाळं बरोबरच्या कुठल्याही महागड्या पावडरीइतकं उपयोगी आहे.

सड्यावर फुरसं असतं. ते लहान असतं, मातीच्या रंगात मिसळून जातं. बसताना दगड बघून बसा, दगड हाताने उलटू नका, पंक्चर काढायला मोकळी जागा निवडा. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. दंश झालेला अवयव हलू न देता त्या बाईला निजवून, आधार देऊन थेट सरकारी रुग्णालयात न्यायचं. फुरशाच्या विषावर चालणारं प्रतिविष उपलब्ध आहे आणि त्याला पर्याय नाही. दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलाकडे जाणाऱ्यांनी माकडताप लक्षात ठेवावा. २०१६ साली तो आपल्या जिल्ह्यात दोडामार्गात आढळला. तो गोचिडीतून पसरतो, आणि नेमका काजूच्या हंगामात, कोरड्या पाल्यात काम करणाऱ्यांना झाला. जानेवारी ते मे पाल्यावर बसू नका, परतल्यावर अंग तपासा, कपडे गरम पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. गवा दिसला तर लांबच थांबायचं, घंटी वाजवायची नाही, त्याला जायला वाट द्यायची. कुत्रे अंगावर आले तर वेग वाढवू नका. उतरा आणि सायकल तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरा.

वाट कुणाची तरी असते, हेही शिकायचं आहे. बहुतेक सडे, बागा आणि पाणंदी खाजगी, सामायिक किंवा देवस्थानाच्या आहेत. विचारून जावं. उघडलेलं बेडं पुन्हा लावावं, नाहीतर रात्रीत गुरं बागेत शिरतात. काजूच्या हंगामात खाली पडलेल्या बियांवरून सायकल नेऊ नये, आणि एक बीसुद्धा उचलू नये. देवराईत सायकल नेऊच नये. समोरून गुरं येत असतील तर कडेला उभं राहावं; भारा घेतलेली बाई येत असेल तर तिचा हक्क पहिला. अशी वागणूक ठेवली की वाडी गटाला ओळखू लागते. ‘खंय चल्लंस गो बाय?’ असं विचारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सरळ उत्तर द्या. त्या चौकशीत पुष्कळदा माया असते, आणि तुम्ही कुठल्या दिशेने गेलात हे ठाऊक असलेला एक माणूस वाढतो. ज्या चौकशीत माया नाही ती कळतेच. तिथे थांबू नका, गटाने एकत्र राहा, पाठलाग झाला तर लोकवस्तीकडे वळा आणि ११२ ला फोन करा. रोजचा मार्ग आणि वेळ समाजमाध्यमांवर आधी टाकू नका. घरी एका माणसाला मात्र मार्ग आणि परतायची वेळ लिहून द्या.

काही घडलं तर १०८ ची रुग्णवाहिका येते, पण ती सड्यावर येऊ शकत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच प्रत्येक वाटेवर गाडी कुठवर पोचते, तिथे कोणती वाडी आणि कोणतं देऊळ आहे, हे सगळ्यांना माहीत हवं. व्हाळाच्या तळाशी बऱ्याचदा फोनला रेंज नसते. तशा वेळी एकीने जखमीपाशी थांबावं आणि दोघींनी वर जाऊन फोन करावा. म्हणूनच चारपेक्षा कमी जणींनी सड्यावर जाऊ नये, असा नियम मी सुचवते. डोक्याला मार बसल्यानंतर उलटी, गोंधळ, झोप येणं यांपैकी काहीही दिसलं तर ‘बरं वाटतंय’ या बोलण्यावर विसंबू नका. तिला रुग्णालयात न्या, आणि गंभीर रुग्णाला पुढे गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात न्यावं लागू शकतं हे धरून गाडीची व्यवस्था आधीच मनात ठेवा. आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.

हे सगळं शिकून झाल्यावर कुठवर जाता येईल? वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल एके काळी रामघाटाने आणि नंतरच्या काळात आंबोलीच्या घाटाने बेळगावाकडे जात असे. बंदरापासून सावंतवाडी सुमारे २८ किलोमीटर, आणि तिथून तेवढंच पुढे, सुमारे ७०० मीटर उंचीवर आंबोली. ज्या वाटेने इथला माल देशावर चढला, त्या वाटेने इथल्या बायकांनी स्वतःच्या पायांच्या बळावर चढावं, अशी माझी इच्छा आहे. हिवाळ्यातल्या आठवड्याच्या मधल्या एखाद्या पहाटे, पर्यटकांची गर्दी नसताना, दोन वर्षांच्या सरावानंतर. घाई नाही.

घरच्यांना एक विनंती. रविवारी सकाळचे तीन तास तिला मोकळे द्या. चूल, मुलं आणि सासूबाईंचं औषध त्या वेळात दुसऱ्या कुणीतरी बघा. बायकांच्या वाटेवर चिरेखाणीपेक्षा जास्त वेळा हीच अडचण येते. ग्रामपंचायतींनाही विनंती, की बंद पडलेल्या खाणींना कठडे घाला. त्यांचा उपयोग सायकलवाल्या बायकांइतकाच गुरांना आणि शाळकरी मुलांनाही होईल.

पुस्तिकेच्या शेवटी काही पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. दर पावसाळ्यात वाटा बदलतात. साकव वाहून जातो, दरड खाली येते, नवी खाण निघते, कुठे नवं कुंपण पडतं. दर ऑक्टोबरमध्ये गटाने एकदा सगळ्या वाटा चालत फिरून पाहाव्यात आणि जे बदललं ते तारखेसह त्या पानांवर लिहावं. पुढच्या वर्षी नव्याने येणारीला ती पानं सगळ्यात आधी वाचायला द्या. मी लिहिलेलं त्यानंतर वाचलं तरी चालेल.